सोनापुरातला महिना

गावात माणूस बेकार झाला म्हणजे त्याची अगदीच गैरसोय होते असे नाही. त्याला पार असतो, देऊळ असते, कोणाच्या ना कोणाच्या घरी मांडव असतो आणि पंगत वाढायला माणूस हवाच असतो. परमुलखात बेकार झालेल्याला मात्र बसायलाही जागा नसते. हे ज्ञान मी पुस्तकातून मिळवलेले नाही. 2009 सालच्या मार्च महिन्यात, दुबईत, रोख किंमत मोजून घेतलेले आहे.

मी मॅट्रिक. दाखल्यावर दहावी असे छापलेले असले तरी आमच्या घरी अजून मॅट्रिकच म्हणतात. एवढ्या शिदोरीवर रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या बंदरावरून उठून मी दुबईला एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर झालो. सकाळी बसमधून उतरणारे मजूर मोजायचे, संध्याकाळी चढणारे मोजायचे. राहण्याची सोय कामगारांच्या वस्तीत. त्या वस्तीला तिथली आपली माणसे सोनापूर म्हणतात. पहिल्याच फोनवर मी मोठ्या हौसेने सांगितले, "आई, मी सोनापुरात राहतो!" आईचे माहेर गिरगावातले. ती क्षणभर बोललीच नाही. मग म्हणाली, "दुसरीकडे कुठे खोली मिळते का बघ रे बाबा." मुंबईत सोनापूर म्हणजे मसणवट, हे मला आठवायला हवे होते.

2008च्या अखेरीस जगभर बँका बुडू लागल्या आणि ती लाट दुबईला पोहोचली. क्रेन जागच्या जागी उभ्या राहिल्या. मजूर घटले, मोजायला माणसेच नाहीत तर मोजणारा कशाला? मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्या हातात कागद पडला. त्या काळी व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडायला 30 दिवस मिळत. तिकीट कंपनीचे होते आणि तोवर खोलीही राहू दिली होती. मी शेवटच्या दिवसाचे तिकीट मागितले. नोकरी शोधतो, असे सगळ्यांना सांगितले. खरे कारण निराळे होते. एजंटाचे पैसे भरण्यासाठी हिच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या, आणि रिकाम्या हातांनी तिच्यासमोर उभे राहायचे धैर्य मला होत नव्हते. शुक्रवारी फोन केला. "काम कसं चाललंय?" हिने विचारले. "जोरात," मी म्हणालो.

पहिले आठ दिवस मी छताकडे बघत काढले. खोलीत आम्ही आठजण. त्यांत चिपळूणकडचे एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. नवव्या दिवशी त्यांनी माझी चादर ओढली. "मास्तर, बिछान्यावर पडून नोकरी येत नाही आणि झोपही येत नाही. आंघोळ कर, इस्त्रीचा शर्ट घाल आणि कामावर निघाल्यासारखा बाहेर पड." वही बाळगणारा म्हणून मला ते मास्तर म्हणत. हा शब्द पुढे खरा होणार आहे, याची दोघांनाही कल्पना नव्हती.

मी बाहेर पडलो. दोन-चार कचेऱ्यांत अर्ज दिले आणि उरलेल्या दिवसाचे काय करावे हे न कळून खाडीवर गेलो. खाडी ओलांडायला एक दिरहम पडे. लाकडी होडीच्या फळीवर बसलो, डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास आला, आणि दोन वर्षांत प्रथमच आपण कुठल्या गावचे ते आठवले. पलीकडे 1787 साली बांधलेल्या जुन्या किल्ल्यात तेव्हा संग्रहालय होते. तीन दिरहम देऊन आत शिरलो, मुख्यतः सावलीसाठी.

तिथे मला मोती काढणारे पाणबुडे भेटले. नाकाला चिमटा लावायचा, पायाला दगड बांधायचा, आणि एका दमात तळ गाठायचा. वर दोर धरून दुसरा माणूस उभा. गलबताच्या मुख्याला म्हणत नाखुदा. आमच्या बंदरावरचा नाखवा तो हाच! हंगामाआधी पाणबुड्याला उचल मिळे, आणि मोती हाती लागला तरी उचल सहसा फिटत नसे. हे मोती विकायला जायचे ते आपल्या मुंबईला. पुढे जपानने मोत्यांची शेती सुरू केली, 1929नंतर जगभर मंदी आली, आणि त्या दहा-बारा वर्षांत हा सारा धंदा बसला. म्हणजे ज्या गावाने मला बेकार केले, ते गाव स्वतःच एकदा बेकार झाले होते. त्याला तेल मिळाले 1966 साली. पण तोवर ते हातावर हात ठेवून बसले नव्हते. व्यापार सांभाळला, कर्ज काढून खाडीतला गाळ उपसला, मोठ्या गलबतांना वाट करून दिली. मी मजुरांच्या हजेरीची कोरी वही उघडली आणि त्या पाणबुड्याविषयी लिहू लागलो. रोज दोन पाने.

संध्याकाळचा उद्योग अचानक सुरू झाला. आमच्या खोलीत गोरखपूरकडचा एक तरुण गवंडी होता. त्याचीही नोकरी गेली होती. एका रात्री त्याने एक कागद माझ्यापुढे धरला आणि हलक्या आवाजात विचारले, यात काय लिहिले आहे? मी वाचून दाखवले आणि मनात चरकलो. दोन वर्षे पगाराच्या दिवशी याच्या अंगठ्याला शाई मीच लावत होतो. याला अक्षर शिकवावे, असे एकदाही माझ्या मनात आले नव्हते. दुसऱ्या दिवशी फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा भिंतीला टेकवला आणि शाळा सुरू झाली. आठवड्यात एकाचे तीन विद्यार्थी झाले. चाचा मागे बसून चहा पुरवीत आणि चुका माझ्याच काढीत.

तिसऱ्या आठवड्यात गवंडी म्हणाला, मला घरी चार शब्द लिहायचे आहेत. "सांग, मी पुठ्ठ्यावर लिहितो, तू बघून काढ," मी म्हटले. त्याने सांगितले: नोकरी गेली. मी ठीक आहे. घरी येतो.

खडू हातात धरून मी उभाच राहिलो. अक्षरओळख नसलेल्या माणसाने पहिल्याच पत्रात खरे लिहिले होते, आणि वहीभर लिहिणारा मास्तर दर शुक्रवारी खोटे बोलत होता.

त्याच रात्री फोन लावला. सगळे सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ही म्हणाली, "मला कळलं होतं. कामाच्या दिवशी सकाळी अकराला तुम्ही कधी फोन केला होतात का? या महिन्यात तीनदा केलात." आणि मग, "या तुम्ही. पाटल्या काही पळून जात नाहीत. आईंना मी सांगते."

नोकरी काही लागली नाही. येताना रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे दिसले. त्यांवरून गाडी धावली सप्टेंबरात, मी आल्यावर. पाटल्या 2013 साली सुटल्या. गावी आल्यावर बालवर्गाची मास्तरकी मिळाली, ती अजून करतो आहे. वहीतला पाणबुड्या माझ्या पहिल्या कादंबरीत आमच्या बंदरावरचा खलाशी होऊन आला.

ती वही माझ्याजवळ आहे. निघायच्या दिवशी गवंड्याने तिच्या शेवटच्या पानावर आपले नाव लिहून दिले. पहिले अक्षर हातभर मोठे, शेवटचे पानाबाहेर निघालेले. वर्गात एखादे पोर अक्षर वाकडे आले म्हणून पाटी लपवू लागले, की मी ते पान त्याच्यापुढे उघडतो.