डावीकडची खुर्ची

आम्ही उलव्याला राहावयास निघालो तेव्हा एक स्नेही म्हणाले, "अहो, तिथे माणसांपेक्षा सेक्टर जास्त!" त्या वेळी ते फारसे खोटे नव्हते. आज मात्र उलव्याला काय नाही? २०१८ साली नेरूळहून खारकोपरपर्यंत लोकल आली, २०२४ च्या जानेवारीत ती उरणला पोहोचली, त्याच महिन्यात अटल सेतू खुला झाला, आणि २०२५ च्या डिसेंबरात दाराशी विमाने उडू लागली. नाट्यगृह तेवढे नाही.

तेव्हा नाटकाचे वेड असलेल्या उलवेकराने एक तर पनवेलचे वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह गाठावे, नाही तर वाशीचे विष्णुदास भावे. आम्ही वाशीवाले. बामणडोंगरीला गाडी धरावयाची, नेरूळला बदलावयाची, वाशीला उतरून रिक्षा करावयाची. रात्रीचा प्रयोग संपल्यावर घरी यावयास टॅक्सीवाल्याला जे द्यावे लागते, ते तिकिटातच धरलेले बरे! म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी पहिला दंडक घालून दिला : प्रयोग दुपारचाच.

खुर्ची निवडण्याचे काम माझ्याकडे. त्यात माझा थोडा अभ्यास आहे, असे मी समजत असे. विद्यार्थिदशेत दादरच्या शिवाजी मंदिरात बाल्कनीची पहिली रांग मिळाली की मी स्वतःला सरदार समजे. थोडक्या पैशात सगळा रंगमंच नजरेखाली, पुढे कोणाचे डोके नाही. खाली बसावयाचे तर बाल्कनीच्या छताखालच्या मागच्या रांगा टाळाव्यात, तिथे आवाज कोंदट होतो. अगदी कडेला बसू नये. नेपथ्याची एक भिंत आणि तिच्याआडचे पात्र, दोन्ही हातचे जातात. आणि प्लॅन समोर आला की दर कुठे बदलतो ते पाहावे. पाचशेच्या शेवटच्या रांगेत आणि चारशेच्या पहिल्या रांगेत अंतर एका हाताचे, फरक शंभर रुपयांचा!

एवढे शहाणपण असून आईच्या पंचाहत्तरीला मी फसलो. हात सैल सोडला आणि एका नाट्यगृहात पहिल्या रांगेतली तिकिटे काढली. रंगमंचाची कड आईच्या नाकासमोर. पात्रांचे पाय दिसत नाहीत, वर पाहून मान अवघडलेली. नट बोलत होते ते शेवटच्या रांगेसाठी आणि ध्वनिक्षेपक दोन्ही बाजूंना, दूर. दुसऱ्या अंकात माझे लक्ष गेले. आई रंगमंचाकडे पाहतच नव्हती. माझ्याकडे पाहत होती. मी हसलो की ती हसे.

"छान होतं रे," घरी आल्यावर ती म्हणाली. मला त्या रात्री जेवण गेले नाही.

पुढच्या वेळी वाशीच्या खिडकीवर मी थोडा घुटमळलो. आतल्या गृहस्थांनी विचारले तेव्हा अडचण सांगितली. त्यांनी प्लॅनवरून पेन्सिल वर न उचलताच विचारले, "आजींचा कुठला कान चांगला?"

"उजवा. डाव्याने जवळजवळ नाहीच."

"मग डावीकडे बसवा, म्हणजे चांगला कान रंगमंचाकडे येईल. नववी रांग, वाटेलगतची. पायही पसरता येतील."

इतकी वर्षे मी डोळ्यांनी खुर्च्या निवडत होतो! तिकिटे चारशेची होती.

प्रयोग चारचा. पहिला अंक सुरू होऊन पाच-सात मिनिटे झाली असतील. सासूने सुनेला एक टोला हाणला आणि सभागृह हसले. मी घाईने आईकडे वळलो. ती केव्हाच हसत होती, पदर तोंडाला लावून, आणि माझ्याकडे तिचे मुळीच लक्ष नव्हते.

संध्याकाळी नेरूळच्या फलाटावर उरणच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. आमच्या गाडीला तशी घाई नसतेच. आईने तेवढ्यात सासूचे ते वाक्य सौभाग्यवतींना जसेच्या तसे, हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवले. सौभाग्यवती हसल्या, पण जरा बेतानेच.