अब्बांचं माप

दारव्ह्याला आमच्या अब्बांचं टेलरिंगचं दुकान होतं. ईदच्या आधी पंधरा दिवस तिथली बत्ती रात्री दोन-दोनपर्यंत जळायची. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, अब्बा टेप लावायचेच. "आदमी वही रहता, बदन वही नहीं रहता," म्हणायचे. रेडीमेडचा जमाना आला, काम अर्ध्यावर आलं, पण टेप काही गळ्यातून उतरली नाही.

जानेवारी २०१६ मध्ये एका पहाटे फजरच्या सुमारास अब्बांच्या छातीत कळ आली. यवतमाळच्या डॉक्टरांनी ईसीजी पाहून तातडीनं नागपूर गाठायला सांगितलं. तिथल्या एका खासगी दवाखान्यात कळलं, हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद आहे. स्टेंट टाकावा लागेल. साधा की औषधाचा? आम्हा भावंडांना उत्तर द्यायला पाच मिनिटं होती. औषधाच्या स्टेंटचे दीड लाख सांगितले. दवाखाना सरकारी जीवनदायी योजनेत नव्हता. त्या दिवशी अम्मीच्या हातातून उतरलेल्या बांगड्या परत आल्या नाहीत.

स्टेंट म्हणजे धातूच्या बारीक जाळीची नळी. फुग्यावर बसवून ती अडलेल्या जागी नेतात, फुगा फुगवतात, नळी उघडून वाहिनीला आतून आधार देते. पण जखमेवर जशी खपली धरते तशी आतली पेशी वाढते आणि वाट पुन्हा अरुंद होऊ शकते. म्हणून जाळीवर औषधाचा लेप देतात. ते हळूहळू झिरपून ती वाढ रोखतं.

शुद्धीवर आल्यावर अब्बांनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, माझं माप घेतलं होतं?" डॉक्टर हसले. म्हणाले, "माप पडद्यावर घेतो आणि तयार साइजमधून जवळची निवडतो." अब्बा आमच्याकडे वळून म्हणाले, "यानी रेडीमेडच डाला रे!"

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, केंद्रानं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. कर वगळून साधा ७,२६० रुपये, औषधाचा २९,६०० रुपये. बातमी वाचून अम्मी आपल्या मनगटाकडे बघत राहिली. स्वस्त स्टेंटचा विचार त्याआधीही झाला होता. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांनी १९९०च्या दशकात हैदराबादला देशी बनावटीचा 'कलाम-राजू स्टेंट' तयार केला. त्यावर औषध नव्हतं. पण गरिबाला परवडावा हा हेतू होता.

आता धाकटा भाऊ इंजिनीअर झाला आहे. मागच्या ईदला तो थ्री-डी प्रिंटिंगचं सांगत होता. रोग्याच्या वाहिनीचं स्कॅन घ्यायचं, संगणकावर तिचं वळण, रुंदी, लांबी मांडायची आणि यंत्रानं थरावर थर देत तिच्याच मापाचा स्टेंट छापायचा. शरीरात विरघळणारं प्लॅस्टिक वापरलं तर औषध त्यातच मिसळता येतं. असं एक प्लॅस्टिक मका किंवा उसाच्या साखरेपासूनही बनतं. औषध झिरपत राहील, वाहिनी सावरेल आणि काही वर्षांनी आत काहीच उरणार नाही.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण विरघळणारे स्टेंट, छापलेले नव्हे, आधी बाजारात येऊन गेलेत. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेला 'ॲब्सॉर्ब' पुढच्याच वर्षी कंपनीनं विक्रीतून काढला. धातूइतकी ताकद यावी म्हणून त्याची काडी जाड ठेवावी लागे आणि त्यात रक्ताच्या गुठळ्या जास्त आढळल्या. मापाचा छापील स्टेंट अजून प्रयोगशाळेतच आहे. त्यालाही ही परीक्षा द्यावी लागेल.

शिवाय कोणताही स्टेंट टाकला तरी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या लागतातच. हे आम्ही अब्बांकडूनच शिकलो. ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात त्यांच्या मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली, दोन भरलेल्या पट्ट्या सापडल्या. धाकट्याची फी भरायची होती. अब्बा एक दिवसाआड गोळी घेत होते. डॉक्टर ऐकून संतापले. म्हणाले, मनानं गोळी सोडली तर नवा स्टेंट एकाएकी बंद पडू शकतो. अम्मी तेव्हापासून स्वतः गोळी हातावर ठेवते. रमजानमध्येही डॉक्टरांना विचारूनच वेळ बदलतो.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असा रोगी असेल तर त्याचा खण एकदा उघडून पाहा. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळवून ठेवा. आमच्याकडे 'शेख'च दोन तऱ्हेनं लिहिलेलं निघालं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणते दवाखाने आहेत, हे दुखण्याआधी माहीत असावं.

धाकट्याचं सगळं बोलणं अब्बांनी लक्ष देऊन ऐकलं. मापाचं त्यांना फार पटलं. गळ्यातल्या टेपशी चाळा करत म्हणाले, "अच्छा काम है. पर सिलाई कितनी लेंगे?"

धाकट्यानं आमच्याकडे पाहिलं. आम्ही अम्मीकडे.