आधीचं नाव

मुंबईतली तरुण मुलं हल्ली 'थ्रिफ्ट' करतात, म्हणजे कुणाचं तरी जुनं जॅकेट शोधून काढतात आणि घालून फोटो टाकतात. आमच्या बोईसर-तारापूरकडे ही हौस अजून भंगारवाल्याच्या शेडमध्येच भागवावी लागते. अवधनगरच्या बाजूला निघालं की पत्र्याच्या शेडांची रांग लागते. दाराशी वजनकाटा, आत पंख्यांची पाती, मोटारींचे गाभे, गिरणीतून आलेल्या कटपीसची गाठोडी, तुटक्या खुर्च्या, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी तुम्हाला हवी असलेली एक वस्तू. ती तिथे आहे हे भंगारवाल्यालाही ठाऊक नसतं. ठाऊक असतं तर भाव वेगळा असता.

अशा ठिकाणी माझं लक्ष आधी एकाच गोष्टीकडे जातं. वस्तूवर कुणाचं नाव आहे का? नसलं तर होतं का, आणि असलं तर ते कुणी खरवडलंय का? ठोकून बघणं, घासून बघणं, घासाघीस करणं हे सगळं त्यानंतर.

माझ्याकडचं तांब्याचं घंगाळ असंच आलं. जड, खालून काळं पडलेलं, दोन कड्यांपैकी एक कडी गायब. कल्हई केव्हाच उडालेली. दुकानदार ते किलोवर द्यायला तयार होता. मोडीत निघालेल्या तांब्याला घंगाळ काय नि तारेचं भेंडोळं काय, दर एकच. मी काठावरची माती अंगठ्याने पुसली तेव्हा अक्षरं लागली. हल्लीच्या मशीनने टर्रर्र करत घातलेली सलग, उभट अक्षरं नव्हती ती. खिळ्यासारखा पोगर आणि हातोडी घेऊन एकेक टिंब ठोकून काढलेली होती, त्यामुळे 'स्मरणार्थ'मधला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेला. नावाच्या जागी मोठा पोचा पडलेला, म्हणून आडनावाचं शेवटचं अक्षर तेवढं वाचता येत होतं. पुढे गाव मात्र स्वच्छ: पोफरण. आणि सन १९५८.

पोफरण म्हटल्यावर इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. तिसरी आणि चौथी, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या, २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. या दोघींसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. गावकऱ्यांना दुसरीकडे घरं मिळाली, त्या घरांवरून आणि भरपाईवरून वर्षानुवर्षं भांडणं झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. समुद्राच्या काठी होड्या लावणारी माणसं प्लॉट नंबरवर राहायला आली. अशा वेळी घरातून काय काय निघत असेल याचा हिशेब कुठल्या पंचनाम्यात नसतो. नव्या घराच्या बाथरूममध्ये घंगाळ मावत नाही, चुलवण लावायला परसू नसतो. मग कधीतरी, त्या वर्षी नाही तर दहा वर्षांनी, मुलगा म्हणतो, काढून टाकू या. ज्या वडिलांच्या आठवणीसाठी ते केलं होतं त्यांना पाहिलेलंही कुणी उरलेलं नसतं.

हे असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. घंगाळ लग्नात लेकीबरोबर दुसऱ्या गावी गेलं असेल आणि तिथून मोडीत आलं असेल. पण गाव पुसून जातं आणि गावाचं नाव एका भांड्याच्या काठावर शाबूत राहतं, हे आमच्या भागात नवीन नाही. तारापूरला लागूनच चिंचणी. तिथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा. त्यात संजाणच्या प्रदेशावर नेमलेल्या अधिकाऱ्याचं नाव मधुमती असं आहे. हा अरब होता. महंमदाचा संस्कृतात मधुमती झाला. त्याने ओढ्यांवर फुकट नाव चालू केली आणि अन्नछत्र उघडलं, तिथे भात, कालवण आणि तूप मिळे, असं त्या पत्र्यावर कोरलंय. मला यातलं कालवण फार आवडतं. दानपत्रात राजाची बिरुदं असणारच, पण हजार वर्षांपूर्वी भाताबरोबर काय वाढायचे हे लिहून ठेवणारा माणूस मला जवळचा वाटतो. आणि असे किती पत्रे सापडणाऱ्याने तांबटाला विकले असतील, त्यांचे किती हंडे-कळशा झाल्या असतील! माझ्या घंगाळात एखाद्या अन्नछत्राचं तूप नसेलच, असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही.

घंगाळ घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, "कुणाचं?" म्हटलं, पोफरणचं कुणीतरी. "मेलेल्या माणसाच्या नावाचं भांडं घरात आणलंस?" मराठी घरात हा प्रश्न येतोच. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं आपण घेत नाही, अशी आपली एक टेक असते. ती पाळली मात्र आपल्या सोयीने जाते. बाळ जन्मलं की त्याच्या अंगाला पहिलं कापड लागतं ते जुन्या धोतराचं नाहीतर लुगड्याचं. नवं कापड टोचतं म्हणून. गोधडीत तर अख्खं खानदान शिवलेलं असतं. आणि दारावर बोहारीण आली की आपण देताना काही विचारत नाही: चार साड्या, दोन पँटी, बदल्यात स्टीलचं पातेलं. त्या साड्या पुढे धुऊन, इस्त्री होऊन मुंबईच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात जातात आणि कुणाच्या तरी अंगावर चढतात. म्हणजे उतरलेलं देण्यात कमीपणा नाही, घेण्यात आहे. आईला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पातेलं माझ्याच डोक्यात बसलं असतं.

तिने तोडगा काढला: नाव घासून घे. बाजारात बफिंग करणारा आहे, पाच मिनिटांत काठ आरशासारखा करून देतो आणि वर तुमचं नाव घालून देतो. मी नको म्हटलं. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता प्रयत्न करतो.

पहिलं कारण इतिहासातलं आहे. पोर्तुगिजांविरुद्धची वसईची मोहीम १७३९ साली संपली. त्या जानेवारीत तारापूरचा किल्ला चिमाजी आप्पांनी घेतला. मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर इथेच कामी आले. मे महिन्यात वसई पडली आणि चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देवांना वाहिल्या. एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. लढाईतली लूट आणि भंगारातली खरेदी एक नव्हे, हे मान्य. पण ज्यांनी एवढ्या वजनाच्या घंटा बैलगाड्यांवर घालून घाटावर चढवल्या त्यांना मेरी घासून काढणं काही अवघड नव्हतं. त्यांनी ती तशीच ठेवली. विजयाची खूण म्हणून ठेवली असेल, आळसाने ठेवली असेल, घासली तर घंटेचा आवाज बिघडेल या भीतीने ठेवली असेल. कारण काहीही असो, आज त्या घंटेखाली उभं राहिलं की ती कुठून आली हे तिलाच विचारता येतं.

खुद्द तारापूरचा किल्ला हीच या भागातली सगळ्यात मोठी सेकंडहँड वस्तू. पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे, मराठ्यांकडून इंग्रजांकडे, आणि विकाजी मेहरजी या पारशी सावकाराच्या घराण्याकडे इनाम. तोफा लावायच्या तटाच्या आत वाडी झाली. आमच्याकडच्या कुणाला यात वावगं वाटत नाही. जागा आहे, विहीर आहे, मग झाडं लावणार नाही तर काय करणार?

नाव राहू द्यावं असं मला वाटण्याचं दुसरं कारण मात्र इतिहासातलं नाही. ते घराघरात उभं आहे, निळ्या रंगाचं, दोनशे लिटरचं. तारापूर औद्योगिक वसाहतीत शेकडो कारखाने आहेत, रंगांचे, औषधांचे, रसायनांचे. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा आमचं तारापूर पहिलं आलं होतं. पहिला नंबर आला म्हणून पेढे कुणी वाटले नाहीत. तर या कारखान्यांत कच्चा माल ज्यातून येतो ती निळी प्लास्टिकची पिंपं रिकामी झाली की बाहेर पडतात. चाळीच्या गॅलरीत, पाड्यावरच्या झोपडीपाशी, लग्नाच्या मांडवात आचाऱ्याच्या मागे, जिकडे पाहावं तिकडे हे पिंप. नळाला पाणी एक दिवसाआड येतं तिथे पिंपाशिवाय संसार होत नाही. नवं पिंप परवडत नाही. जुनं स्वस्त.

या पिंपाकडे जवळून पाहा. पोटावर एक चौकोन असतो, बाकीच्या प्लास्टिकपेक्षा फिकट, खरबरीत, ब्लेडने ओरबाडलेला. तिथे लेबल होतं. कधी कोपऱ्याला कागदाचा तुकडा चिकटून राहिलेला असतो, त्यावर लाल चौकटीची एक बाजू, किंवा रसायनाच्या नावाच्या शेपटीची तीन-चार अक्षरं. झाकण उघडून वास घ्यावा तर साबणाचा येतो. साबण विरला की खालचा येतो. "एकदम क्लीन आहे शेठ, आत फिनेल होतं," विकणारा सांगतो. सगळ्यांच्याच पिंपात फिनेल कसं असतं कोण जाणे. घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांत रसायनाने माखलेली रिकामी पिंपं ही घातक कचऱ्यातच धरली आहेत. ती परवानाधारकाकडे जायला हवीत, तिथे त्यांची नीट धुलाई व्हायला हवी. काही जातात, काही रस्त्यातून वळतात. आणि वळणाऱ्या पिंपाचं पहिलं काम म्हणजे त्याचं नाव खरवडणं.

अणुभट्टीच्या सावलीत राहणाऱ्याला दिल्लीतल्या मायापुरीची गोष्ट विसरता येत नाही. २०१० साली दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं एक जुनं यंत्र लिलावात भंगारवाल्याने घेतलं. १९६८ मध्ये कॅनडातून आणलेलं, कित्येक वर्षं कुणी हात न लावलेलं. आत कोबाल्ट-६० होतं. यंत्र काय आहे हे विकणाऱ्या कचेरीच्या ध्यानात राहिलं नाही आणि घेणाऱ्याला कळायचा मार्ग नव्हता. मायापुरीच्या गल्लीत ते तोडलं गेलं, अनेकांना किरणोत्सर्गाची बाधा झाली, एक कामगार दगावला. भंगार तोडणारा माणूस हाताने धातू ओळखतो, वजनाने ओळखतो, रंगाने ओळखतो. किरण ओळखायला त्याच्याकडे काही नसतं. त्याला फक्त आधीच्या मालकाने सांगितलं तर कळणार.

म्हणून पिंपाच्या बाबतीत माझा नियम कडक आहे: पाण्याला नवं. जुनं घेतलं तर त्यात कुंडीची माती, नाहीतर बांधकामाची वाळू. घरात यावरून वाद होत नाही, कारण आईचा नियम त्याहून कडक आहे.

लाकडी-लोखंडी सामानाचं तसं नाही. अणुऊर्जा प्रकल्पाच्या टॅप्स कॉलनीत माणसं येतात आणि बदलीवर जातात: कैगा, रावतभाटा, काक्रापार, कुडनकुलम. निवृत्त झाली की केरळात, बंगालमध्ये, विदर्भात. क्वार्टर सोडायच्या आधीच्या आठवड्यात सामान निघतं आणि स्वस्त निघतं, कारण ट्रकचं भाडं कपाटाच्या किमतीपेक्षा जास्त. माझं लोखंडी कपाट अशाच एका घरातलं. कुठल्याही कंपनीचं असलं तरी त्याला गोदरेजच म्हणायचं असतं, तसं हे गोदरेज. दाराच्या आतल्या बाजूला बॉलपेनने गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखा लिहिलेल्या, एकाखाली एक. एरवी दीड महिन्याला एक सिलिंडर. एके ठिकाणी तीनच आठवड्यांत संपलेला. पाहुणे आले असणार, किंवा घरात मंगलकार्य. मधे एक मोठी पोकळी, सुट्टीत सगळे गावी गेलेले. शेवटची तारीख बदलीच्या आधीची असावी. मी त्याखाली आमच्या तारखा लिहायला लागलो. आमचा सिलिंडर लवकर संपतो. का संपतो, यावर कपाटाच्या दारात उभं राहून चर्चा होते.

आणि रद्दी. स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानात मराठी कमी आणि बाकीच्या भाषा जास्त मिळतात, ही आमच्या गावाची जनगणनाच समजा. जुने दिवाळी अंक, 'किशोर'चे फाटके अंक, त्यांच्या मधे बंगाली पंचांग, तमिळ स्वयंपाकाचं पुस्तक, केंद्रीय विद्यालयाच्या गणिताच्या वह्या. एकदा तिथे मल्याळम पुस्तक मिळालं, कापडी बांधणीचं. आत काय आहे ते वाचता येत नव्हतं, पण पहिल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत, सुंदर वळणदार अक्षरांत दहाएक ओळी होत्या आणि शेवटी दोन रेघा ओढलेल्या. मी मनात पक्कं केलं: बापाने लेकीला दिलेलं पुस्तक, घर सोडून इतक्या लांब निघाली तेव्हा चार उपदेशाच्या गोष्टी लिहून दिलेल्या.

समोरच्या बिल्डिंगमध्ये केरळच्या एक सिस्टर राहतात, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, पान उजेडाकडे धरलं आणि हसायला लागल्या. म्हणाल्या, धोब्याचा हिशेब आहे. शर्ट सहा, मुंडू चार, चादरी दोन, उशीचे अभ्रे तीन. आणि त्या दोन रेघांच्या वर: एक अभ्रा परत आलेला नाही, पैसे कापले.