विशालकोनी भिंगांतून बोरीबंदर

बोरीबंदरास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर कॅमेरा घेऊन उभें राहिलें कीं, वास्तूची भव्यता हीच मोठी अडचण होते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणें १८७८ ते १८८८ या काळांत उभारलेलें हें स्थानक नेहमींच्या ५० मिलिमीटरच्या भिंगांत मावत नाहीं. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीवर त्या भिंगाची दृष्टि कर्णरेषेंत सुमारें ४६ अंशांचीच. मागें सरावें, तर वाहनांची रहदारी! म्हणून आम्हीं १४ मिलिमीटरचें अतिविशालकोनी भिंग बरोबर नेलें होतें. त्याच्या दृष्टींत सुमारें ११४ अंश येतात.

परंतु सर्व कांहीं मावलें म्हणजे चित्र साधलें, असें नव्हे. लांबून पाहतां घुमट सुपारीएवढा होतो आणि पुढें रिकामा रस्ताच पसरतो. कॅमेरा वर उचलावा, तर भिंती एकमेकींकडे झुकतात. जवळचें मोठें व दूरचें लहान दिसावें, हा दृष्टीचाच धर्म होय. हें भिंग आपणांस अगदीं जवळ उभें राहूं देतें, म्हणून तो अधिक जाणवतो. आम्ही फाटकाच्या खांबावरील दगडी वाघाजवळ गेलों, कॅमेरा समपातळींत धरला, आणि मग वास्तूचा विस्तार खरा उमगला.

एक पथ्य मात्र पाळावें. चौकटीच्या कडेचे चेहरे या भिंगांत ताणले जातात. सहकुटुंब छायाचित्र घेतांना वडील मंडळींस व मुलांस मध्यभागीं उभें करावें. कडा दगडी कमानींस द्याव्या. इमारतीच्या वैभवासाठीं माणसांस विद्रूप करण्याचा अधिकार कोणासही नाहीं.