अध्यक्षांच्या टेबलावरची याचिका

चि. मुक्ता,



कॉलेजच्या परिसंवादात तुला पक्षांतरबंदी कायद्यावर बोलायचं आहे, आणि इतका कडक कायदा असताना आमदार इतके आरामात कसे जातात, असं तू फोनवर विचारलंस. उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र.

हरियाणातल्या हसनपूरचे आमदार गयालाल, १९६७ साल, पंधरवड्यात पक्षांच्या तीन उड्या: ही गोष्ट तू सांगशीलच, टाळ्याही मिळतील. पण त्यापेक्षा यशवंतराव चव्हाण समितीचा आकडा सांग. चव्हाण तेव्हा केंद्रात गृहमंत्री होते. समितीत जयप्रकाश नारायण होते, मधु लिमये होते. १९६९ च्या अहवालात असं दिसलं की पक्ष बदललेल्या सुमारे २१० आमदारांपैकी ११६ जण मंत्री झाले होते. निम्म्याहून जास्त! विचार पटला म्हणून गेलो, असं सांगणाऱ्यांचं तोंड या एका आकड्यानं बंद होतं. मंत्रिमंडळाचा आकारच आवळावा, असं समितीनं तेव्हाच सुचवलं होतं. सभागृहाच्या १५ टक्क्यांहून मोठं मंत्रिमंडळ नको, ही मर्यादा घटनेत यायला २००३ उजाडलं.

मधल्या काळात, १९८५ मध्ये, राजीव गांधींच्या सरकारनं ५२ वी घटनादुरुस्ती करून दहावं परिशिष्ट आणलं. स्वेच्छेनं पक्ष सोडला किंवा पक्षाचा व्हिप मोडून मतदान केलं, तर आमदारकी-खासदारकी जाणार. मात्र एक तृतीयांश आमदार मिळून गेले तर ती ‘फूट’, आणि फुटीला माफी. किरकोळ पक्षांतराला बंदी आणि घाऊकला परवाना, अशी टीका तेव्हाच झाली आणि ती खरी ठरली. २००३ मध्ये एक तृतीयांशाची पळवाट बुजवली, पण दोन तृतीयांशाच्या ‘विलीनीकरणा’ची तशीच ठेवली. म्हणजे घाऊकची व्याख्या तेवढी मोठी झाली.

गोव्यात या गणिताचं प्रात्यक्षिक दोनदा झालं. १० जुलै २०१९ रोजी काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. बरोब्बर दोन तृतीयांश, एकही कमी नाही. सभापतींनी अपात्रतेची मागणी फेटाळली ती एप्रिल २०२१ मध्ये. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं तो निर्णय उचलून धरला २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, आणि तोवर पुढच्या विधानसभेचं मतदान उरकून दहा दिवस झाले होते. या निवडणुकीआधी काँग्रेसनं आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या क्रुसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होती. कायद्यावरचा एका राष्ट्रीय पक्षाचा विश्वास किती उरला होता, ते यावरून बघ. निवडून आले ११. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांतले ८ गेले. अकराचे दोन तृतीयांश काढून बघ, आठच लागतात. त्यांच्यातले माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी पत्रकारांना सांगितलं, की आपण पुन्हा देवळात जाऊन देवाला विचारून आलो!

आता न्यायालयांकडे ये. तुझ्या भाषणाचा गाभा इथे असायला हवा.

नागालँडमधून आलेल्या किहोतो होलोहान खटल्यात १९९२ मध्ये पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी कायदा उचलून धरला आणि अपात्रतेचा निवाडा सभागृहाच्या अध्यक्षांकडेच ठेवला. ललित मोहन शर्मा आणि जे. एस. वर्मा या दोघांचं म्हणणं वेगळं पडलं: अध्यक्षांची खुर्ची ज्या बहुमतावर टिकून आहे, त्याच बहुमताबद्दलच्या भांडणात ते तटस्थ पंच कसे असणार? बहुमताच्या निकालात आणखी एक मेख होती. अध्यक्षांच्या निर्णयाची छाननी न्यायालय करील, पण निर्णय होण्याआधी सहसा हात घालणार नाही. ठीक. मग निर्णयच दिला नाही तर? पुढच्या तीस वर्षांचं राजकारण या एका प्रश्नावर चाललंय.

मणिपूरचे टी. श्यामकुमार सिंह २०१७ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले आणि त्याच मार्चमध्ये भाजपच्या सरकारात मंत्री झाले. राजीनामा वगैरे काही नाही. त्यांच्याविरुद्धच्या याचिका अध्यक्षांकडे पडून राहिल्या. जानेवारी २०२० मध्ये न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठानं अध्यक्षांना चार आठवड्यांची मुदत दिली, एरवीही अशी प्रकरणं तीन महिन्यांत संपावीत असं सांगितलं, आणि हे काम एखाद्या कायमस्वरूपी न्यायाधिकरणाकडे सोपवण्याचा विचार संसदेनं करावा असं सुचवलं. चार आठवडे उलटले, निर्णय नाही. तेव्हा १८ मार्चला न्यायालयानं अनुच्छेद १४२ खालचा अधिकार वापरून त्यांना मंत्रिपदावरूनच हटवलं. दहा दिवसांत अध्यक्षांना निर्णय देणं जमलं!

महाराष्ट्राची गोष्ट तुला पाठ आहे. फक्त तारखा ओळीनं मांड. जून २०२२: शिवसेनेत बंड, एकनाथ शिंदे मुख्यमंत्री. ११ मे २०२३: घटनापीठ म्हणालं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं होतं, शिंदे गटाच्या भरत गोगावले यांना प्रतोद मानणं बेकायदा होतं, पण तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, म्हणून त्यांना पुन्हा बसवता येत नाही. अपात्रतेचं अध्यक्षांनी ‘वाजवी मुदतीत’ ठरवावं. वाजवी म्हणजे किती, तर न्यायालयाला आधी नाराजी व्यक्त करावी लागली आणि मग तारीख घालून द्यावी लागली. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी खरी शिवसेना शिंदे यांची ठरवली आणि दोन्ही गटांतल्या कुणालाच अपात्र केलं नाही. नोव्हेंबरात नवी विधानसभा निवडून आली. फुटलेल्यांनी पैसे घेतल्याचा आरोप करणारी ‘पन्नास खोके’ची घोषणा गल्लीबोळात पोचली, कॅलेंडरवर मात्र कुणी घोषणा केली नाही. माझ्या मते सरकार वाचवलं ते कॅलेंडरनं.

दुसरी बाजूही सोडू नकोस, कारण परीक्षक विचारतील. हा कायदा कळपाला सोडतो आणि एकट्याला धरतो. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या प्रश्नावर २१ हुजूर खासदारांनी सरकारविरुद्ध मतदान केलं. त्यांत चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. बोरिस जॉन्सन यांनी त्यांना संसदीय पक्षातून काढलं, पण त्यांची खासदारकी शाबूत राहिली. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या एखाद्या विधेयकावर सत्ताधारी पक्षाच्या आमदारानं व्हिप मोडून आपल्या मतदारसंघाचं ऐकलं, तर जागाच धोक्यात. मग मतदारांनी जाब विचारायचा कुणाला? दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्येच तोड सुचवली होती: व्हिपची सक्ती विश्वासदर्शक ठरावासारख्या मतदानापुरती ठेवा, आणि अपात्रता निवडणूक आयोगाच्या सल्ल्यानं राष्ट्रपती किंवा राज्यपालांना ठरवू द्या. कायदा बदलायचा तो संसदेनं, आणि फुटलेल्या आमदारांची गरज आज ना उद्या प्रत्येक मोठ्या पक्षाला पडते. अहवाल बासनात आहे.

ताईला नमस्कार सांग. भाषण लिहून झालं की पाठव.

तुझा,
मामा

ता.क. तेलंगण राहिलंच. तिथले दानम नागेंदर भारत राष्ट्र समितीचे आमदार असताना २०२४ ची लोकसभा सिकंदराबादमधून काँग्रेसच्या तिकिटावर लढले. त्यांच्यासह दहा जणांच्या याचिका अध्यक्षांकडे पडून होत्या. ३१ जुलै २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं अध्यक्षांना तीन महिन्यांची मुदत घातली आणि ही व्यवस्था बदलायची का, याचा विचार करायला संसदेला पुन्हा सांगितलं. वेळ कमी पडला तर बाकीची राज्यं गाळ, पण हे उदाहरण ठेव. पक्ष सोडला की नाही, याचा पुरावा इथे मतपत्रिकेवरच छापलेला होता.