पॉटर परगण्यातला ओळंबा

ताईने मला अमेरिकेला बोलावले ते नायगारा आणि न्यूयॉर्क दाखवण्यासाठी. दोन्ही पाहिले, फोटोही काढले. पण परत आल्यावर स्टाफरूममध्ये कोणी ‘तिकडे काय पाहिलंत?’ असे विचारले, की माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते ती जेमतेम सव्वा वीत लांबीची एक काळी नळी. बंदुकीवर बसवायची दुर्बीण. तिकडे तिला ‘स्कोप’ म्हणतात.

गोष्ट 2023 सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली. ताईचे घर पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गजवळ. मी पोचलो तेव्हा घरात लगीनघाई चालली होती. भाचा पंधरा वर्षांचा झाला होता आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडणार होता. चिरंजीवांनी रीतसर वर्ग करून, परीक्षा देऊन परवाना मिळवला होता. भावोजी स्वतः अंड्यापलीकडे जात नाहीत; पण मुलाच्या हौसेपुढे त्यांनी हात टेकले होते. मुलाचे गुरू म्हणजे शेजारचे आजोबा. जन्मभर पोस्टमनकी केलेले, वय अठ्ठ्याहत्तर. नजर अधू झाल्यापासून त्यांनी स्वतः बंदूक चालवणे सोडले होते. उजव्या भुवईवर अर्धचंद्राकृती जुना व्रण. त्याची हकिगत पुढे येईलच.

मला हा सगळा प्रकार फारसा रुचला नव्हता, हे कबूल करतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ती झाली हे बरेच झाले, असे मानणारा मी माणूस. तसे मी पोस्टमन आजोबांना माझ्या पुस्तकी इंग्रजीत सांगितलेही. ते रागावले नाहीत. म्हणाले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या राज्यातही हरीण दिसेनासे झाले होते. 1895 साली सरकारने वन्य प्राण्यांसाठी स्वतंत्र मंडळ नेमले, 1906 पासून परराज्यांतून हरणे आणून सोडली. लांडगे मात्र कधीच मारून संपवले होते. आता हरणे इतकी, की रानातले कोवळे रोप उगवले की खाल्ले. ‘लांडग्याचं काम कुणीतरी करायला हवं,’ म्हणाले. ‘पण नीट करायला हवं.’

ते ‘नीट’ म्हणजे काय, हे पुढल्या आठवड्यात कळले.

रायफल घरात आली होती. 1955 साली निघालेल्या ‘टू-फॉर्टी-थ्री’ काडतुसाची. धक्का बेताचा, म्हणून पोरांना बरी. दुकानदाराने दुर्बिणीखालची लोखंडी बैठकही तिच्यावर बसवून दिली होती. दुर्बीण तेवढी घ्यायची राहिली होती. भाच्याचा डोळा सहा ते चोवीस पट मोठे दाखवणाऱ्या एका लांबलचक यंत्रावर. आजोबांनी त्याच्या हातात दिली तीन ते नऊ पटीची, पुढल्या भिंगाचा व्यास चाळीस मिलिमीटर. किंमत दोनशे डॉलरांच्या आसपास. पोराचे तोंड पडले.

मग आजोबांनी दुकानातच गणित मांडले. भिंगाच्या व्यासाला पटीने भागायचे. जो आकडा येतो तेवढ्या रुंदीची प्रकाशाची थाळी डोळ्यात उतरते. चाळीस भागिले चार म्हणजे दहा मिलिमीटर. पन्नास भागिले चोवीस म्हणजे दोन. अंधूक उजेडात तरण्या माणसाची बाहुली सातेक मिलिमीटर उघडते, म्हाताऱ्याची पाचेक. ‘हरीण येतं सूर्योदयाच्या आसपास. त्या वेळी दोन मिलिमीटरच्या भोकातून तुला काय दिसणार? शिवाय चोवीस पटीत दिसेल ते हरणाचं कानाचं टोक. झाडीत ते हरीण शोधेपर्यंत ते न्यूयॉर्क राज्यात पोचलेलं असेल.’ त्या रानात बहुतेक बार शंभर यार्डांच्या आतलेच असतात. (यार्ड म्हणजे आपला कापडाचा वार. यापुढे मी वारच म्हणतो.) आणखी एक ताकीद मिळाली: बंदुकीवरच्या दुर्बिणीने इकडेतिकडे न्याहाळायचे नाही; जिकडे दुर्बीण तिकडे नळी. न्याहाळायला गळ्यातली साधी दुर्बीण.

संध्याकाळी ताईच्या जेवणाच्या टेबलावर रायफल मांडली गेली. दुर्बीण दोन कड्यांत बसते, कड्या बैठकीवर. ती पुढेमागे सरकवून डोळ्यापासून चार बोटांवर आणायची. जास्त जवळ राहिली तर बार उडताच मागे येऊन भुवई फोडते. आजोबांनी आपल्या व्रणावर बोट ठेवले. तो असा झाला होता.

मग त्यांनी खिशातून काढला ओळंबा! दोरीला बांधलेले पितळी वजन, आपले गवंडी वापरतात तसेच. मला अगदी घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. भिंतीवर ओळंबा टांगायचा, रायफल सपाट धरायची आणि दुर्बिणीतल्या फुलीची उभी रेघ दोरीशी जुळवायची. फुली कलती राहिली तर जवळ चुकत नाही; लांब गेल्यावर चूक वाढत जाते. मुलगा तासभर खटपटत होता. शेवटी एका पान्याने कड्यांचे पेच आवळले. हा पाना ठरलेला जोर भरला की कट् करतो आणि पुढे आवळत नाही. पेचांवर ताईच्या नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. पेच फिरला तर रेघ तुटते.

दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याच्या वाळूच्या खाणीत गेलो. आधी रायफलीचा बोल्ट काढून, वाळूच्या पिशव्यांवर ती टेकवून, नुसत्या नळीतून लक्ष्य पाहायचे आणि बंदूक न हलवता फुली त्याच लक्ष्यावर आणायची. मग पंचवीस वारांवरून पहिला बार. दोन इंच डावीकडे. दुर्बिणीच्या कडेला एक चकती असते. ती फिरवली की टिक् टिक् वाजते. एक टीक म्हणजे शंभर वारांवर पाव इंच. तर पंचवीस वारांवर दोन इंचांना किती? आमच्या शाळेतले त्रैराशिक! बत्तीस टिका.

शंभर वारांवर तीन बार. कधीही एका बारावरून दुरुस्ती करायची नाही. तीन भोकांचा मध्य काढायचा. तो दीड इंच डावीकडे आला. मुलगा कंटाळला होता. म्हणाला, ‘राहू दे ना मामा, मी थोडं उजवीकडे धरीन.’

आजोबा काही बोलण्याआधी मीच ‘नको’ म्हणालो. आवाज जरा चढलाच असावा. दोघेही माझ्याकडे पाहू लागले.

परतताना गाडीत मी त्याला सांगितले. माझ्या आजोबांकडे शेतराखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. ती डावीकडे मारते, हे साऱ्या वाडीला ठाऊक होते. नळीच्या टोकाची माशी तिरकी झाली होती. लोहाराकडे न्यायची, तर ‘नेऊ, घाई काय? मी थोडं उजवीकडे धरतो,’ म्हणायचे. 1961 साली, आमचे अण्णा बारा वर्षांचे असताना, आजोबांनी एका भेकरावर बार टाकला. गोळी पोटात लागली. रक्ताचा माग ओहोळापर्यंत गेला आणि अंधार पडला. रात्रभर ते भेकर पलीकडच्या जाळीत ओरडत होते. सापडले तिसऱ्या दिवशी. अण्णांनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली. तीही मी एम. ए. झाल्यावर.

भाचा काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी खाणीत जाऊन त्याने सहा टिका फिरवल्या आणि पुन्हा तीन बार टाकले. मध्यावर.

शुक्रवारी उत्तरेला पॉटर परगण्यात गेलो. साडेतीन तासांचा रस्ता. झाडे निष्पर्ण, मधूनच हेमलॉकची हिरवी काळोखी. हा परगणा मोठा मौजेचा. इथल्या एका टेकाडावरचे पाणी तीन वाटांनी जाते: एक मेक्सिकोच्या आखाताला, एक चेसापीकच्या उपसागराला, एक सेंट लॉरेन्सला. आपल्या महाबळेश्वरवाल्यांनी हेवा करावा! रात्री आकाश इतके काळे, की आकाशगंगा पाहायला लोक मुद्दाम येतात. पेट्रोलपंपावर जो तो भगव्या जाकिटात. रानात परस्परांना दिसावे म्हणून तसा कायदाच आहे. मला क्षणभर पंढरीची वाट आठवली.

आजोबांची लाकडी खोपी रानाच्या कडेला होती. पायरीवर बर्फ धरला होता. भाच्याचा पाय घसरला. तो सावरला, पण रायफल दगडावर आपटली. रिकामी होती, हे नशीब. नेलपॉलिशची रेघ शाबूत होती. ‘काही झालं नाही,’ मुलगा म्हणाला. आजोबांनी बॅटरी धरून पाहिले. मग म्हणाले, ‘झालं नसेलही. पण आता आपल्याला माहीत नाही.’

म्हणजे उद्याची पहाट गेली. वर्षभर वाट पाहिलेली. मोसमाच्या पहिल्या पहाटे नेम तपासायला बार उडवून सारे रान उठवायचे, हे त्यांना मंजूर नव्हते. मुलगा न जेवता झोपला.

पहाटे आम्ही चौघे खिडकीशी कॉफी घेऊन बसलो होतो. लांबवर एकदोन बार ऐकू आले. उजाडता उजाडता झाडीतून एक नर बाहेर आला. शिंगांना आठ टोके, अंगावर दंव. अंतर नव्वदेक वार. उजवीकडे तोंड करून आडवा उभा राहिला, चांगली दोन-तीन मिनिटे. मुलाच्या गळ्यात साधी दुर्बीण होती. तिच्यातून तो पाहत राहिला. रायफल मागे भिंतीला टेकलेली. त्याने एकदा वळून तिच्याकडे पाहिले, मग आजोबांकडे. आजोबा कॉफी ढवळत होते. मला वाटले, म्हातारा फार निष्ठुर आहे.

दुपारी खाणीत शंभर वारांवर तीन बार टाकले. तिन्ही भोके एकाला एक लागून, नऊ इंच डावीकडे. कड्या जागच्या जागी होत्या. ढिले झाले होते ते खालच्या बैठकीचे पेच. ‘दुकानातून आलंय म्हणून मीही उघडून पाहिलं नाही,’ आजोबा म्हणाले. एवढ्या एका गोष्टीची त्यांना लाज वाटली असावी. पुढचा तासभर ते कमी बोलले. सगळे उतरवले, पेचांवरचे तेल पुसले, बैठक आवळली, आणि पंचवीस वारांपासून पुन्हा सुरुवात. ओळंबा मी धरला.

मी मनातल्या मनात त्रैराशिक मांडत होतो. शंभरावर नऊ, तर नव्वदावर आठ. हरणाचे तोंड उजवीकडे. खांद्यामागे धरलेला नेम आठ इंच डावीकडे, म्हणजे पोट.

संध्याकाळी कुडर्सपोर्टच्या रस्त्याला फोन लागतो तिथे गाडी थांबवली आणि अण्णांना फोन केला. तिकडे रविवारची सकाळ होती. अण्णा चहा घेत होते. नातवाची सगळी हकिगत त्यांनी ऐकून घेतली. मग विचारले,

‘तोंड कुठे होतं त्याचं?’

‘उजवीकडे.’

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग ताईकडे थंडी किती आहे, ते विचारू लागले.