सांदण दरीतली दोघांची वाट

भिवंडीहून मुंबई-आग्रा महामार्गाने कसारा घाट चढून घोटीला वळले की भंडारदऱ्यावरून साम्रद गाठता येते. रतनगडाजवळचे हे गाव कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. गावाजवळची सांदण दरी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेल्या काळ्या कातळातली.

दरीत शिरताच दोन्ही बाजूंचे कडे जवळ येतात, ऊन जेमतेम तळाशी पोहोचते. वाटेतल्या डोहात पाणी कधी कमरेपर्यंत असते. तिथे एकाने पलीकडे जायचे, दुसऱ्याने सॅक डोक्यावरून पोचवायच्या. पुढे धोंड्यांवर एकमेकांना हात देत उतरताना जोडप्यात बोलणे कमी होते आणि लक्ष वाढते. या वाटेचे खरे सुख तेच.

मुक्कामाला साम्रदमध्ये तंबू आणि पिठलं-भाकरी मिळते. दोर लावून उतरायच्या टप्प्यांवर मात्र दोघांनीच जाणे धोक्याचे. गावातला वाटाड्या आणि दोराचा जाणकार हवाच. पावसाळ्यात तर दरी पाण्याचीच वाट होते, तेव्हा तिथे पाऊल टाकू नये. एरवी पूर्ण उतरणारे शहापूर तालुक्यातल्या डेहण्याला निघतात आणि तिथून भिवंडीला परततात.